निरोप धाडला कुणी?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज मी दोनदा वाचला. बी.एस्सी. झालं, आता माध्यम साक्षरता आणि तंत्रज्ञान या विषयात एम.ए. करायचंय, घरचे म्हणतात बी.एड. कर, आणि तुला माझं मत हवंय. फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एम.ए. कर. मात्र कशासाठी करते आहेस ते आधी मनाशी पक्कं कर. या विषयाकडे वळणारे बहुतेक जण ‘लोकांना खोटं ओळखायला शिकवायचं’ एवढं एकच काम डोळ्यांपुढे ठेवून येतात. माझीही तीच समजूत होती आणि ती बदलायला मला वीस-बावीस वर्षं लागली. तुला तेवढी लागू नयेत.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी दिवसभरात देशभर पोचली. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. लोकांनी घरच्या फोनवरून, एसटीडी बूथवर रांगा लावून एकमेकांना कळवलं. शाळेत शिकवण्याचं माझं ते पहिलं वर्ष. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात कपभर दूध, एक चमचा आणि विटेचा तुकडा घेऊन गेले. चमचा काठोकाठ भरला, हलकेच विटेला टेकवला. दूध ओढलं गेलं आणि विटेच्या अंगावरून पातळ ओघळ खाली उतरला. पृष्ठताण, केशाकर्षण, सगळं फळ्यावर मांडलं. वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, काल आईच्या हातून देवानं दूध घेतलं म्हणून ती रडली. आता घरी जाऊन मी तिला काय सांगू?”

तिला केशाकर्षण नीट समजलं होतं. तिचा प्रश्न आईचा होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलून तिला वर्गात पाठवलं. तो प्रश्न माझ्या मनात तसाच पडून राहिला.

मग २०१८ आलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक. तू तेव्हा लहान होतीस, पण आपल्या जिल्ह्यात त्या महिन्यात घराघरांत काय वातावरण होतं ते तुला आठवत असेल. मुलं पळवण्याची एक चित्रफीत त्या काळात देशभर फिरत होती. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जागृतीफीत होती. शेवटी पळवलेलं मूल परत आणतात आणि सावध करणारी पाटी दाखवतात, नेमका तेवढा भाग कुणीतरी कापला होता. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती हवीच होती. पण वाटसरूंचे कपडे आणि बोली पाहून त्यांना चोर ठरवण्याची सवय मोबाइलने आणलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मानेच शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर मात्र तीच राहिली. म्हणून तुझ्या वाचनाच्या यादीत माध्यमांच्या पुस्तकांइतकीच भटक्या-विमुक्तांच्या इतिहासाची पुस्तकं असू देत. हे तुला कुठल्याही अभ्यासक्रमात कुणी आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर शाळांमधून गोवर-रुबेलाची लस सुरू झाली. सातवीतला एक मुलगा लसीच्या दिवशी आला नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. त्यांनी कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून फोन काढला आणि एक क्लिप माझ्या कानाला लावली. सुई दिली की मुलं आजारी पडतात, असं कुणी बाई घाबऱ्या आवाजात सांगत होती. मी म्हटलं, “आजी, हे खोटं आहे.” आजींनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि अहिराणीत एवढंच म्हणाल्या, “मनी आंडेरनी धाडं.” माझ्या मुलीने पाठवलंय.

पुढचं मी तुला जरा सावकाश सांगते, कारण माझ्या पुढच्या सगळ्या अभ्यासाचं मूळ तिथे आहे. आजींची आंडेर सुरतेला साडीच्या कारखान्यात. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला येते. बाकी वर्षभर आजींसाठी लेक म्हणजे तो फोन. सकाळचं फुलांचं चित्र तिचं, नातवाचा फोटो तिचा, आणि ही क्लिपही तिचीच. मी ‘खोटं’ म्हटलं ते क्लिपला, आजींना ऐकू आलं ते लेकीबद्दल. मग मला सुचलं ते असं की मी म्हटलं, लावा फोन तिला. स्पीकरवर लेक बोलली. ही क्लिप तिला चाळीतल्या बायकांच्या ग्रुपवर आली होती. बोलणारी बाई कोण ते तिला माहीत नव्हतं. भाच्याची काळजी वाटली म्हणून पाठवली, बस. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे आवाज दुसरीचा आणि काळजी हिची. पुढच्या फेरीत नातू लस घेऊन आला.

दुसऱ्या वर्षी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी एम.ए.ला प्रवेश घेतला.

तिथे वाचलेल्या एका अभ्यासाने मला आजींच्या ओसरीवर परत नेलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवीचे विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. विद्वान माणसंही सुबक मांडणीला आणि भारदस्त नावाला फसली, कारण ती समोरचं पान वरपासून खालपर्यंत वाचत बसली. तपासनीस मात्र काही क्षणांत त्या पानाबाहेर पडले आणि हे लोक कोण, यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात, ते शोधू लागले. आजीकडे दहा खिडक्या उघडायला संगणक नव्हता. त्यांच्याकडे सुरतेचा एक नंबर होता. त्यांनी तो लावला तेव्हा नेमकं तेच केलं, निरोपाच्या बाहेर पडून निरोप्याकडे गेल्या. तुझ्या प्रबंधात खेड्यातल्या माणसांना ‘डिजिटल निरक्षर’ म्हणण्याआधी ती माणसं स्वतःच्या पद्धतीने काय पडताळून पाहतात याची नोंद कर. बाजारात गिऱ्हाइकाची पत ओळखणारी, सोयरीक जुळवताना चार गावांत चौकशी करणारी माणसं आहेत ती.

आता एक जुनी गोष्ट, जी मला अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी योगायोगाने सापडली आणि जी आपल्या मराठी मुलुखातली असूनही फारशी कुणाला ठाऊक नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा शेती आणि गावच्या इतर विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि पडलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. अशा वीस कार्यक्रमांनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. तुलनेसाठी दोन प्रकारची गावं निवडली होती : काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी वाढ झाली. पेटी तीच, आवाज तोच. फरक पाडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या तासाने.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या शाळांमध्ये एलसीडी प्रोजेक्टर आले, टॅब आले, डिजिटल वर्ग झाले. खोलीत अंधार झाला, पडदा उतरला, पोरं चित्र बघून घरी गेली. तो नंतरचा तास वेळापत्रकात कुणी ठेवलाच नाही.

बिहारमधले दोन अलीकडचे अभ्यासही तू मुळातून वाच, आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. पहिल्यात सुमित्रा बद्रीनाथन यांनी १,२२४ लोकांपैकी काहींना घरी जाऊन तासभर खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं. एकंदरीत म्हणावा असा परिणाम दिसला नाही, आणि पक्षनिष्ठा घट्ट असलेल्या काहींवर तर तो उलटा झाला. दुसऱ्यात त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या ग्रंथालयांत सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांपर्यंत जाऊन, चौदा आठवड्यांत चार वर्ग घेतले. तिथे परिणाम झाला, काही महिन्यांनी पाहिलं तेव्हाही टिकून होता, आणि मुलांच्या आई-वडिलांपर्यंत झिरपला होता. मला यात १९५६ सालची ती मंडळंच दिसतात. संशोधक मोजमापाच्या भाषेत बोलतील, त्यांचं ते कामच आहे. तू त्या आकड्यांमागे मुलं संध्याकाळी घरी जाऊन काय बोलली असतील ते शोध.

भाषेचं सांगते. वाचायला मिळेल ते नव्वद टक्के इंग्रजीत असेल. त्याला घाबरू नकोस, पण रोज वाचलेलं अर्धा पान मराठीत, पुस्तक मिटून लिही. मराठीत लिहायला बसलं की आपलं आपल्याला कळतं, खरंच काय समजलं आणि कशाची नुसती घोकंपट्टी झाली. शिवाय या विषयासाठी आपल्या भाषेत आधीच अवजारं आहेत. इंग्रजीत न कळत पसरलेली चुकीची माहिती आणि मुद्दाम पसरवलेली खोटी माहिती असा भेद करतात. तो शिकताना मला राहून राहून वाटत होतं, हे तर आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे पुडी सोडतात, कंडी पिकवतात, वावडी उठते, आवई उठते, हूल देतात. पुडी सोडणारा हिशेबी असतो. कंडी पिकवायला चार जण लागतात. आवई उठते तेव्हा कुणीच कर्ता नसतो, वाक्यातसुद्धा नसतो, आणि तिच्या पोटात नेहमी भीती असते. राईनपाड्याच्या वेळी जी उठली ती आवई होती. तिला पुडी समजून आपण फक्त सोडणाऱ्याला शोधत बसलो, तर भ्यालेल्या माणसांशी बोलायचं राहून जातं. तू या शब्दांवर काम केलंस तर मला फार आनंद होईल.

प्रवेश कुठे घ्यायचा ते थोडक्यात. टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती अभ्यासाचा विभाग आहे, तिथे समाजाकडे बघायला शिकशील. एसएनडीटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, तो शिकवणाऱ्यांच्या जवळचा. पुणे विद्यापीठात माध्यम आणि संज्ञापनाचं शिक्षण आहे. आयआयटी मुंबईतलं शैक्षणिक तंत्रज्ञानाचं काम मुख्यतः संशोधनाचं, त्याचा विचार एम.ए.नंतर कर. अर्ज भरण्याआधी तिथल्या दोन-तीन विद्यार्थिनींना भेट आणि विचार, मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांना तीनशे जणांकडून गुगल फॉर्म भरून हवा होता. मी भरून घेतला. ज्या आजींवरून हा सगळा खटाटोप सुरू झाला त्या त्यात कुठेच नव्हत्या, कारण त्यांना फॉर्म भरता येत नव्हता. माझं एक वर्ष त्यात गेलं. तू पहिल्याच भेटीत ठामपणे सांग की मला लोकांजवळ बसायचंय. आणि नोंदी त्यांच्या बोलीत कर, जागच्या जागी प्रमाण मराठीत करू नकोस. ‘मनी आंडेरनी धाडं’ या तीन शब्दांतला जोर ‘मनी’वर होता. मी वहीत ‘मुलीकडून मेसेज प्राप्त’ असं लिहिलं असतं तर तो जोर हरवला असता.

घरच्यांची काळजी रास्त आहे. या एम.ए.ने लगेच कायमची नोकरी मिळेल असं मी त्यांना सांगणार नाही. बी.एड. नंतरही करता येतं, आणि शाळेत शिकवायचं असेल तर ते करावंच लागेल. तू वडिलांशी बोलताना हे मोकळेपणाने मान्य कर. ते तुझ्या विरोधात नाहीत.

एका गोष्टीने मात्र मी अलीकडे अस्वस्थ आहे आणि ती तुझ्या पिढीवर येऊन पडणार आहे. आता कुणाचाही आवाज हुबेहूब बनवता येतो. त्या दिवशी आजींचा प्रश्न सुटला तो लेकीचा आवाज ऐकून. उद्या तोच आवाज बनावट असेल तर? अशोकवनात रामाचं नाव घेणाऱ्या वानराबद्दल सीतेला आधी शंकाच आली होती. अंगठी पाहिली तेव्हा खूण पटली. कीर्तनात ही कथा ऐकलेल्या प्रत्येक बाईला खूण पटणं म्हणजे काय ते माहीत आहे. घरोघरी अशी एखादी खूण ठरवता येईल का, ती कशी टिकेल, कोण विसरेल, कोण सांगून टाकेल, हा एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल एवढा प्रश्न आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

दोन पानांचा आराखडा लिहून दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये. आपण आजींकडे जाऊ, त्या आता थकल्यात पण फोन कनवटीलाच असतो. मागच्या खेपेला त्यांनी मला पडद्यावरचे ते दोन छोटे बाण दाखवले, पुष्कळदा पुढे ढकललेल्या निरोपावर येतात ते. वाचता येत नाही, पण बाण ओळखतात. म्हणाल्या, बाण असले की ते तिचं नसतं, मग मी तिला फोन करते.

तुझ्या
बाई