रॅबिटएमक्यूमध्ये क्यूंना नावं देताना कोणता नियम पाळावा?

(रॅबिटएमक्यू हा एका सर्व्हिसचे मेसेज दुसरीला पोचवणारा ब्रोकर, आणि क्यू म्हणजे त्यात मेसेज थांबतात ती रांग.) ‘ऑर्डर_क्यू’, ‘ऑर्डर_क्यू_न्यू’ आणि ‘टेस्ट२’ ही तिन्ही प्रॉडक्शनवर चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. नवल नाही, बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं. तुमचा प्रश्न डॉट की हायफन, आणि एन्व्हायर्नमेंट (प्रॉडक्शन की चाचणीचं स्टेजिंग) नावात घालायचं का, असा आहे. त्याआधी एक ठरवा: क्यू कोणाची?

माझ्या मते, जी सर्व्हिस ती वाचते तिची. इव्हेंटचं (घडलेल्या घटनेचं) नाव राउटिंग कीमध्ये, म्हणजे मेसेज कुठे जायचा ते ठरवणाऱ्या खुणेत, राहू द्या, क्यूच्या नावात आधी वाचणारी सर्व्हिस येऊ द्या. समजा क्यूचं नाव नुसतंच ‘ऑर्डर.प्लेस्ड’ आहे आणि बिलिंग तिथून मेसेज घेतंय. पुढे कधीतरी ईमेलवाल्यांना तोच इव्हेंट लागतो. नाव बघून त्यांना वाटतं हीच ती, आणि ते आपला कन्झ्युमर (मेसेज वाचणारा प्रोग्रॅम) तिलाच जोडतात. एका क्यूवर दोन कन्झ्युमर आले की ब्रोकर मेसेज दोघांत वाटून टाकतो, प्रत्येकाला प्रत देत नाही. मग काही ऑर्डरींचं बिल निघतं पण ईमेल जात नाही, काहींचं नेमकं उलट. लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि गिऱ्हाईक मात्र फोन करतंय! तेच नाव ‘बिलिंग.ऑर्डर-प्लेस्ड’ असतं, तर आपण दुसऱ्याच्या क्यूला हात लावतोय हे लगेच कळलं असतं. त्यांनी ‘ईमेल.ऑर्डर-प्लेस्ड’ बनवून त्याच एक्सचेंजला (मेसेज आधी येतो आणि क्यूंत वाटला जातो ती जागा) बाइंड केली, म्हणजे जोडली असती.

(नावं इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ चालतं, म्हणजे देवनागरीही चालेल. पण एकेका चिन्हाला तीन बाइट जातात आणि रात्री दोन वाजता टर्मिनलवर ते टाइप करायला कोणी तयार होत नाही.)

आता डॉट. टॉपिक एक्सचेंज (राउटिंग कीच्या पॅटर्नवरून मेसेज वाटणारं) डॉटवर तुकडे पाडतं ते राउटिंग कीचे. क्यूच्या नावातला डॉट ब्रोकरच्या लेखी साधं अक्षर आहे. तरी सर्व्हिसनंतर डॉट आणि शब्दांमध्ये हायफन ठेवा, कारण परमिशन (कोणाला कुठली क्यू वापरता येते) आणि पॉलिसी (अनेक क्यूंना एकदम लावलेली सेटिंग) दोन्ही नावावर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नावं जुळवायचा पॅटर्न, लावतात. पॅटर्न ‘^बिलिंग\.’ असा नावाच्या सुरुवातीला बांधून लिहा. नुसतं ‘बिलिंग’ लिहिलंत तर ‘री-बिलिंग’ही त्यात सापडेल.

डेड लेटर क्यूला (न हाताळता आलेले मेसेज जिथे जातात ती) मूळ नावाच्या शेवटी ‘.डीएलक्यू’ लावा, नावानुसार लावलेल्या यादीत दोघी शेजारी-शेजारी दिसतात. इथे एक खड्डा आहे. ‘^बिलिंग\.’वर टीटीएलची (मेसेज किती वेळ टिकेल त्याची) पॉलिसी लावली की तीत डीएलक्यूही येते, आणि तपासायला ठेवलेले मेसेज मुदत संपली की गायब. एका क्यूला एका वेळी एकच पॉलिसी लागू होते, ज्याची प्रायोरिटी जास्त ती. म्हणून ‘\.डीएलक्यू$’साठी वेगळी, वरच्या प्रायोरिटीची पॉलिसी करा.

एन्व्हायर्नमेंट नावात नको. स्टेजिंगला वेगळा व्हीहोस्ट (एकाच ब्रोकरमधला स्वतंत्र कप्पा) द्या, शक्य असेल तर वेगळा क्लस्टरच. एसक्यूएसवर (अ‍ॅमेझॉनची क्यू सेवा) मात्र व्हीहोस्ट नाही. सगळं एकाच अकाउंट आणि रीजनमध्ये असेल तर नावात घालावंच लागतं. तिथे ८० अक्षरांची मर्यादा आहे आणि फिफो (मेसेज क्रमाने देणाऱ्या) क्यूच्या शेवटच्या ‘.फिफो’ शिवाय डॉट चालत नाही. टीमचं नावही टाळा, टीमा बदलत राहतात. आणि ‘एएमक्यू.’ने सुरू होणारी नावं ब्रोकरने स्वतःकडे राखून ठेवली आहेत.

जुन्यांचं काय? रॅबिटएमक्यूत रीनेम नाही. नवी क्यू बनवा, कन्झ्युमर दोन्हींवर लावा, नवी बाइंड करा, जुनीचं बाइंडिंग काढा, ती रिकामी झाली की डिलीट करा. मधल्या थोड्या वेळात तोच मेसेज दोनदा येणार, तेवढं कोडला पचलं पाहिजे. पब्लिशर (मेसेज पाठवणारा) डीफॉल्ट एक्सचेंजवरून थेट पाठवत असेल तर क्यूचं नाव हीच त्याची राउटिंग की असते, म्हणजे त्याच्याकडेही बदल आला. म्हणून सगळ्या एकदम बदलायला जाऊ नका. ज्या सर्व्हिसचं काम हातात येईल तिच्या तेवढ्या बदला.

‘टेस्ट२’ पासून सुरुवात करा. मॅनेजमेंट यूआयमध्ये तिचे कन्झ्युमर, बाइंडिंग आणि पडून राहिलेले मेसेज बघा. कन्झ्युमर शून्य आणि मेसेज वाढतच असतील, तर कोण पाठवतंय ते आधी शोधा, मगच डिलीट.