वाचकांचे प्रश्न: जुनं इंजन ओळखायचं कसं?

दादा, आमच्या मळ्यात विहिरीवर आजोबांच्या काळातलं इंजन पडून हाय. दोन मोठी चाकं हायत, पितळी पाटी कुणीतरी काढून नेली. चुलते म्हणतात अस्सल इंग्लंडचं लिस्टर हाय. भंगारवाला किलोवर मागतोय, जालन्याला भट्टीत जाणार म्हणे. खरं-खोटं कसं कळंल?
(एक वाचक, गेवराई, जि. बीड)

भाऊ, आधी त्या भंगारवाल्याला पंधरा दिवस थांबवा. एकदा जालन्याच्या भट्टीत गेलं की सळई होऊन येतंय, परत काय मिळत नाही.

आता चाकांचं. दोन चाकं दिसली की लिस्टर असं आपल्याकडं सगळेच म्हणतात, पण तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीनं १९३० च्या आसपास हे उभं सीएस (म्हणजे कोल्ड स्टार्ट) इंजन काढलं आणि पुढं राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घाटाची इतकी इंजनं ओतली की संथ चालणारं कुठलंही इंजन लिस्टर नाहीतर पीटर (हेही एक ब्रिटिश नाव) झालं. माप घेऊनही उपयोग नाही, कारण मूळ ६/१ चा, म्हणजे सहा हॉर्सपॉवर एक सिलिंडरवाल्याचा, बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) साडेचार इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेपाच इंच, आणि नक्कल करणाऱ्यांनी तेच माप उचललंय.

मग बघायचं काय, तर हेडच्या बाजूला हातानं फिरवायचं छोटं चाक असलेला व्हॉल्व्ह हाय का बघा. थंड इंजन सुरू करताना तो बंद करून कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, वाढवायचे आणि लोड आला की उघडायचे, नंतरच्या बऱ्याच नकलांमध्ये तो गाळून टाकला. मग बोल्ट बघा. जुनं ब्रिटिश काम व्हिटवर्थ, म्हणजे इंची मापाच्या, आट्याचं असतं, त्याला आपला १७-१९ चा पाना नीट बसत नाही. सगळे बोल्ट मिलिमीटरचेच निघाले तर इंजन नंतरचं समजा, कारण आपल्याकडं मेट्रिकचा कायदाच १९५६ चा. पण इंची निघाले म्हणून लगेच इंग्लंडचं म्हणू नका, आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांतही इंची आटेच चालायचे.

पाटी गेली तरी पंच मारलेला नंबर कधी कधी चाकाच्या कडेवर नाहीतर क्रँकच्या टोकावर सापडतो. डिझेलात भिजवलेलं फडकं घ्या, पितळी ब्रश घ्या, आणि सावकाश घासा. ग्राइंडर लावायचा नाही म्हणजे नाही. मी एका साताऱ्याच्या कूपर इंजनवर घाई केली, चकचकीत करायच्या नादात नंबर पुसला गेला, आज इतकी वर्षं झाली तरी मनाला लागतंय. रंग पण लगेच काढू नका, टाकीच्या पट्टीखाली, कोपऱ्यात जुना थर टिकलेला असतो, तिथं गडद हिरवा सापडला तर फोटो काढून ठेवा.

आणि सगळ्यात आधी चुलत्यांना शेजारी बसवा. कुणाकडून आणलं, बैलगाडीत आणलं का ट्रकमधून, डिझेलवर चालायचं का रॉकेलवर, ७२ च्या दुष्काळाआधी होतं का नंतर आलं, हे विचारा आणि लिहून घ्या. लोखंड आणखी शंभर वर्षं टिकंल, पण त्याच्यावर हँडल मारलेली माणसं चालली हो.

वडिलांची पिठाची गिरणी होती, तिथं आडवं रस्टन इंजन आहे. डिझेलच्या पंपावर मायको लिहिलंय, म्हणून भाऊ म्हणतो इंजन इंडियनच. खरंय का?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

ताई, पंपावरून इंजनाचं वय काढू नका. बंगळूरची मायको कंपनी १९५१ ला सुरू झाली, तेव्हा पंप त्यानंतरचा एवढंच त्यातून कळतं. गिरणीवाले पंप खराब झाला की मिळंल तो बसवायचे, पीठ थांबून कसं चालंल. रस्टन अँड हॉर्नस्बी ही इंग्लंडमधल्या लिंकनची कंपनी, १९१८ ला दोन कंपन्या एक होऊन झालेली, पुढं त्याच नावाची इंजनं पुण्याजवळ चिंचवडलाही बनली, त्यामुळं नुसत्या नावानंही भागत नाही. बॉडीवर ओतकामातच उठून आलेली अक्षरं वाचा. ती बदलता येत नाहीत, पाटी बदलता येते. लिंकन, इंग्लंड असं ओतलेलं दिसलं तर भावाला दाखवा.

घरात जुन्या वह्या, पावत्या असतील तर त्या पण बघा. किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, लिहिलेली सापडली तर तो कागद निजामाच्या राज्यातला, नाहीतर ४८ नंतरच्या थोड्या वर्षांतला. असा कागद इंजनाइतकाच मोलाचा, लॅमिनेशन करू नका, साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

इंजनवर फील्डमार्शल लिहिलंय, म्हणजे ब्रिटिश ना?
(एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

नाही. त्या नावाचा जुना ब्रिटिश ट्रॅक्टर होता, इंजन मात्र राजकोटचं. म्हणून टाकून देऊ नका, आपल्या शेतांना पाणी बहुतेक अशाच इंजनांनी पाजलंय.

इंजन जाम झालंय, हँडल हलत नाही. ट्रॅक्टरला पट्टा लावून फिरवू का?
(एक वाचक, औसा, जि. लातूर)

अजिबात नको काका! पिस्टन गंजून धरलेला असताना जोर दिला तर पिस्टनचा रॉड वाकतो नाहीतर लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, फुटतो. हेडमधलं डिझेल फवारणारं नोझल काढा, आत अर्धं डिझेल अर्धं ऑइल ओता, पंधरा दिवस तसंच राहू द्या, मधूनमधून भर घाला. तोवर सायलेन्सर उघडून बघा, आत कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली असतात. व्हॉल्व्ह अडकलेत का तेही बघा. मग दोघांनी चाक धरून थोडं पुढं थोडं मागं असं हलवा, केसभर हललं तरी त्या दिवशी तिथंच थांबा, परत तेल द्या. सुटल्यावर आतलं डिझेलमिश्रित तेल पूर्ण काढून नवीन भरा, बेअरिंगला हातानं तेल द्या. आणि पहिल्यांदा हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर मनगट वाचतं.