आमच्या लहानपणी कुणालाच शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नव्हती, मग आता जगभर मुलांच्या अ‍ॅलर्ज्या का वाढल्यात? की आईबापांचं नाटक आहे?

नाटक नाहीये. आम्ही मेलबर्नला राहतो, इथे वर्षाच्या बाळांना तपासून, प्रत्यक्ष खायला घालून केलेला अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात १० टक्क्यांहून जास्त बाळांना फूड अ‍ॅलर्जी निघाली. आशियातून आलेल्यांची इथे जन्मलेली मुलं तर जास्तच, पण आशियात जन्मून नंतर इथे आलेल्या मुलांत कमी. म्हणजे नुसतं रक्तातलं नाही.

माझा मुलगा इथेच जन्मलेला. पुण्याला घरच्या लग्नात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं की ह्याला दाणे चालत नाहीत, तरी मोठ्या जाऊबाईंनी कूट घातलेली काकडीची कोशिंबीर भरवलीच, का तर "थोडं थोडं पोटात गेलं की सवय होते, तुम्हीच लाडावून ठेवलंय". बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, त्या म्हणतायत पित्त उठलंय आमसुलाचं पाणी लावा, तोवर पोराचा आवाज बसला, खोकला थांबेना, मी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं (अशा वेळी जीव वाचवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन-पेन दाबलं आणि तसंच हॉस्पिटल गाठलं. रात्रभर ठेवून घेतलं त्याला. सकाळी भेटायला आल्या तेव्हाही तेच, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!

सवयीचं खरं आहे, पण अ‍ॅलर्जी व्हायच्या आधी. इस्रायलमध्ये बाळं दाण्याचे कुरकुरे खातच मोठी होतात, त्यांच्यापेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी दहापट सापडली. मग लंडनला गिडियन लॅक यांनी जोरात एक्झिमा (कातडीवर खाजरे, कोरडे चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग केला, २०१५ चा निकाल असा की लहानपणापासून दाणे खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी. आणि २००० साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगत होते की धोका असलेल्या मुलांना तीन वर्षं दाणे देऊच नका! २००८ मध्ये तो सल्ला सोडावा लागला. पण एकदा अ‍ॅलर्जी झाली की कोशिंबिरीने सवय होत नाही, जीव जाऊ शकतो. डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून देतात ती ट्रीटमेंट वेगळी, पंगतीत करायची नाही.

दमा, सर्दी वगैरेचं एकच कारण नाही. १९८९ मध्ये स्ट्रॅचन यांना ब्रिटनमध्ये दिसलं की मोठी भावंडं जास्त तितका हे फीवर (परागकणांमुळे होणारी सर्दी, शिंका) कमी, तिथून जास्त स्वच्छतेमुळे हे वाढलं का, ही चर्चा सुरू झाली.

हां, बाळाला जोरात एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच दाणे सुरू करा, आणि अख्खा दाणा नको, घशात अडकतो, बारीक कूट पातळ करून द्या. आणि दुसऱ्याच्या मुलाची आई नको म्हणाली तर नाही भरवायचं, मग तुम्ही नात्याने कितीही मोठ्या असा.