गच्चीवर ऐकू येणारा 'चर्र'

प्रश्न : रेडिओ स्कॅनरवर 161.975 मेगाहर्ट्झला सतत तुटक 'चर्र, चर्र' असा आवाज येतो. बोलणं अजिबात नाही. गच्चीवर गेलं की जास्त येतो. हे काय असेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. तुम्ही ऐकताय ती जहाजं आहेत! आता 162.025 लावून बघा, तिथेही तोच 'चर्र' येईल. हे दोन्ही चॅनल एआयएससाठी, म्हणजे जहाजांच्या आपोआप ओळख सांगणाऱ्या यंत्रणेसाठी, राखून ठेवलेले आहेत. जहाज आपला क्रमांक, जागा, वेग आणि दिशा त्यावरून आपोआप सांगत असतं. मोठं जहाज चालत असेल तर वेगानुसार 2 ते 10 सेकंदांनी, नांगरलेलं असेल तर 3 मिनिटांनी. एक 'चर्र' साधारण 27 मिलिसेकंदांचा, म्हणून कानाला तो नुसता टिचकीसारखा लागतो. गच्चीवरून समुद्र मोकळा दिसतो, म्हणून तिथे जास्त जहाजं सापडतात.

अनोळखी सिग्नल आला की मी आधी वही उघडतो: फ्रिक्वेन्सी, किती वेळ टिकला, किती वेळाने परत आला. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

मजकूर वाचायचा असेल तर स्पीकरचा आवाज कॉम्प्युटरला देऊ नका. स्कॅनर तो बोलण्यासाठी गाळतो आणि 9600 बॉडचा, म्हणजे फार वेगाने येणारा, डेटा त्यात बिघडतो. यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घ्या. पडद्यावर 419ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक दिसला, तर ते भारतीय जहाज. पहिलं कोणतं सापडलं, ते मला जरूर कळवा.