लातूर, रत्नागिरी, नागपूर – एकाच किटमध्ये भागतंय का?

तू विचारलंयस की नुकताच सॉफ्टबॉलच्या अंपायर पॅनलवर आलायस, ऑगस्टात लातूर, सप्टेंबरात रत्नागिरी आणि डिसेंबरात नागपूर अशा ड्युट्या लागायची शक्यता आहे, तर हवामानाची वेगळी तयारी करावी लागते का. किट जवळपास तेच लागतंय गड्या, पण आपल्या मराठवाड्यातल्या सवयीनं तिकडं निर्णय दिलास की फसलास. मी फसलोय म्हणून सांगायलोय.

माझी कोकणातली पहिलीच ड्युटी, दुसऱ्या इनिंगला असा पाऊस आला की समोरचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दिसंना. मी टाइम देऊन खेळ थांबवला, नडगीचे शिनगार्ड सोडले आणि स्कोअररला म्हणलं, संपलं आज, आता उद्याच. तिथले एक जुने अंपायर नुसते हसले, म्हणले चहा तर घ्या. चहा झाला, गप्पा झाल्या, ऊन पडलं, आणि तासाभरात पोरं परत थ्रो करायलीत! खाली जांभ्याची लाल माती, पाणी थांबतच नाही. मी गुपचूप शिनगार्ड बांधले.

आता हेच आपल्याकडं बघ. आपली काळी माती म्हणजे अर्धा तास भुरभुर झाली तरी स्पाइक्सला किलोकिलोचे गोळे. पिचरच्या पायाखाली खड्डा, रनर बेसवर थांबायच्या ऐवजी पुढं घसरत जातो, आणि पिवळा बॉल चार पिचमध्ये काळा झाला की बॅटरला काय तुलाच दिसत नाही, म्हणून बॉल बदलत राहा आणि ब्रशबरोबर जुनी दस्ती ठेव, चिखलावर ब्रश काही कामाचा नाही. आयोजक म्हणतील रोलर फिरवून घेऊ की सर. नाही म्हणायचं. वापसा आल्याशिवाय शेतात औत घालतो का आपण? तसंच आहे हे, ओल्यात रोलर फिरवला की माती रोलरलाच चिकटून वर येते. आणि ओल्यात मॅच रेटली तर दोन दिवसांनी त्याच पायांच्या ठशांची ढेकळं वाळून दगड होतात, मग साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, शॉर्टस्टॉपच्या (सेकंड-थर्ड बेसमधल्या फील्डरच्या) तोंडावर उसळतो. मी एकदा पोरांचा हिरमोड नको म्हणून 'खेळा' म्हणलो होतो, थर्ड बेसवरच्या पोरीचा पाय मुरगळला. ते अजून डोक्यातून जात नाही.

पाऊस तिकडं जास्त हे खरंच, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आपल्याकडं त्याच्या चौथाई. पण मॅच वाया जायचं गणित त्या आकड्यावर नाही चालत, आणि आपला पाऊस जून-जुलैत दडी मारून शालेय स्पर्धांच्या ऐन भरात, सप्टेंबर-ऑक्टोबरला परतीच्या टायमाला झोडपतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडं काय झालं ते तू बघितलंच असशील.

परतीच्या पावसाची खरी भीती विजेची. जुलैतली कोकणातली झड दिवसभर पडली तरी कडकडाट कमी, आपल्याकडं दुपारी तीननंतर ढग काळे झाले की समजून जा. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला तर मॅच बंद, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं ग्राउंडवर कुणी नाही. बॅटा खाली ठेवायला लाव आणि पोरांना लिंबाच्या झाडाखाली अजिबात जाऊ देऊ नको, शाळेच्या खोलीत पाठव. मोबाइलमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घेऊन ठेव. कोच ओरडतील, ओरडू दे. ५ इनिंग पूर्ण झाल्या असतील किंवा नंतर बॅटिंग करणारी टीम साडेचार इनिंगलाच पुढं असेल तर मॅच थांबली तरी रिझल्ट धरतात, पण शाळेच्या स्पर्धेत कधीकधी इनिंगच कमी ठेवतात, म्हणून टेक्निकल मीटिंगमध्ये हे आधीच विचारून घे.

नागपूरचं वेगळंच. डिसेंबरात थंडी म्हणशील तर परभणीवाल्याला तिचं काय कौतुक, सकाळी स्ट्राइक-बॉल मोजायचा क्लिकर दाबायला बोट वळत नाही एवढं इथंही होतंय. तिथं घोळ उजेडाचा होतो. नागपूर लई पूर्वेला, त्या दिवसांत साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतोय, रत्नागिरीला सहा वाजून जातात. आपल्या अंदाजानं चारला शेवटची मॅच लावू दिलीस तर पाचव्या इनिंगला राइजबॉल, म्हणजे वर चढत येणारा पिच, दिसणार नाही, मग स्ट्राइक काय आणि बॉल काय.

उन्हाळी कॅम्पच्या मॅचेस मिळाल्या तर एवढंच, की आपल्याकडं आणि विदर्भात घाम आला ते कळतच नाही, जागेवर वाळतो, चेस्ट प्रोटेक्टर काढला की शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात तेव्हा कळतं. दर इनिंगला पाणी पी, मीठ-साखर घालून, नाहीतर संध्याकाळी उन्हाळी लागली म्हणून बसशील. साडेनऊनंतर प्लेटमागं उभं राहू नको. कोकणात उलटं, पारा कमी पण घाम वाळतच नाही, मास्कच्या पट्ट्यातून डोळ्यात येतो, तिथं कपाळाला बांधायची पट्टी लागते. रत्नागिरीला जाताना सॉक्सचे दोन जोड जास्त घे, आणि मास्कचे पॅड रात्री बॅगेत तसेच कोंबू नको, पंख्याखाली टाक, माझ्या पॅडला तिसऱ्या दिवशी बुरशी आली होती.