बाळ तीन आठवड्यांचं आहे, अंगावरचं दूध पुरत नाही असं घरचे म्हणतात. वरचं दूध सुरू करू का?

नको, निदान आत्ता तरी नको. (एकेरीत बोलतेय, राग मानू नकोस, प्रसूती वॉर्डात नर्स आहे, तिथे सगळ्यांना अगं-तुगं करायची सवय लागलीये.)

तू लिहिलंयस की जन्मताना बाळ 2.8 किलो होतं, परवा डॉक्टरांकडे 3.1 भरलं, दिवसभरात सात-आठ वेळा शू करतं, पण संध्याकाळी दोन-तीन तास नुसतं रडतं आणि पंपाने 20 मिलीच निघालं, म्हणून नणंदेने पावडरचा डबा आणून ठेवलाय, अजून फोडलेला नाही. आणि जाता जाता लिहिलंयस की बोंडांना चिरा पडल्यात, पाजताना डोळ्यात पाणी येतं. खरा प्रॉब्लेम तो शेवटचा आहे आणि घरात चर्चा भलत्याच गोष्टीची चाललीये.

आधी वजनाचं. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, 7 ते 10 टक्क्यांपर्यंत चालतं. साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं आणि मग रोज 20-30 ग्रॅम वाढायला हवं. तुझ्या बाळाने उतरलेलं भरून काढून वर 300 ग्रॅम कमावलेत, डबा तर बंदच आहे, मग ते आले कुठून? पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर दूध पोटात जातंय. रडणं हे दुधाचं माप नाही गं. या वयात संध्याकाळी बहुतेक बाळं किरकिरतात, अर्ध्या अर्ध्या तासाने प्यायला मागतात, सहाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा असंच करतील. घरचे म्हणणार पोट भरत नाही म्हणून रडतंय. पंप हेही माप नाही, बाळ नीट धरलं तर पंपापेक्षा कितीतरी जास्त ओढतं.

हे 'हिला दूधच नाही' प्रकरण सुरू होतं पहिल्याच दिवशी. वॉर्डात एखादी तरी आजी असतेच, जी सुनेचं स्तन पिळून बघते आणि जाहीर करते, काहीच नाही हो येत. अहो, पहिल्या दिवशी चीकच येणार, तोही चमचा-चमचा, आणि त्या बाळाचं पोट तरी केवढं असतं! सीझर असेल तर पान्हा फुटायला तीन-चार दिवससुद्धा लागतात. तेवढ्यात कोणीतरी मध चाटवतं, कोणी पावडर पाजतं. खरवसासाठी गाईचा चीक मिळाला तर आपण चार घरी वाटतो आणि आईचा चीक घट्ट-पिवळा म्हणून पिळून टाकायला सांगणारी माणसं मी अजूनही बघते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के होती, म्हणजे निम्म्याहून जास्त पोरींची सुरुवातच उशिरा होते. मग तिसऱ्या आठवड्यात बाळ रडलं की तेच वाक्य परत निघतं.

डब्याचं सांगते. रात्री एक बाटली दिलीस तर बाळ झोपेल, तूही झोपशील, पण रात्रीच दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं आणि स्तन रिकामे झाले नाहीत तर शरीर समजतं की मागणी नाही. आठवड्याभरात दूध खरंच कमी होतं आणि मग सगळे म्हणतात, बघ, आम्ही म्हणत नव्हतो! त्याच डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं छापावं लागतं, 1992 चा कायदा आहे तसा, वाचून दाखव नणंदेला.

आता चिरा. बाळ फक्त बोंड चोखतंय, त्याने दुखतं आणि दूधही कमी निघतं. डावीकडे पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घे, पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, तुझा उजवा पंजा त्याच्या मानेखाली, डोकं दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तन खालून धर आणि हलकं दाब, वडापाव तोंडात मावावा म्हणून आपण जसा दाबतो ना तसं, ओठांच्या दिशेने चपटं. बोंड त्याच्या नाकासमोर ठेव, वरच्या ओठाला लाव आणि थांब. जांभईएवढा आ होईपर्यंत थांब, इथेच सगळ्या जणी घाई करतात. आ झाला की बाळाला स्तनाकडे आण, स्तन बाळाकडे वाकवायचा नाही, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला, नाक मोकळं आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खालचा बहुतेक तोंडात जातो. गिळल्याचा आवाज येतो. पहिले काही सेकंद सोडून दुखत राहिलं तर ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि परत लाव, पाच वेळा लागलं तरी चालेल. टाक्यांवर वजन येत असेल तर बाळाला काखेखाली उशीवर घेऊन पाज. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे याचे व्हिडिओ मराठीत आहेत, नवऱ्यालाही दाखव, उशी सरकवायला कोणीतरी लागतंच. चिरांवर पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लाव आणि वाळू दे, साबण नको.

हळीव, डिंक, मेथीचे लाडू खुशाल खा, पोटभर जेव, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे अजिबात ऐकू नकोस. पण दूध लाडवाने नाही, बाळाने ओढल्याने वाढतं. बाळाला मात्र सहा महिने वरचं पाणीही नको, आमच्या विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा नाही, आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकते.

शू सहापेक्षा कमी झाली, बाळ प्यायलाच उठत नाही, पिवळं दिसतंय किंवा वजन थांबलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हा त्यांनी वरचं दूध सांगितलं तर वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने दे, त्यात कमीपणा काही नाही. तुला ताप आला आणि स्तनात लाल, दुखरी गाठ बसली तरी दाखव, पण पाजणं बंद करू नकोस.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. ढेकर काढायचं काम त्यांच्याकडे दे आणि पुढच्या आठवड्यात त्याच काट्यावर, लंगोट काढून वजन करताना त्यांना सोबत ने.

आणि हो, व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत ना? रोज 400 युनिट, अंगावरच्या दुधातून ते पुरेसं मिळत नाही. लिहून दिलं नसेल तर विचार.