वेगवान मॉडेल येतंय, थांबावं का?
वाचकांचे प्रश्न : हलके लॅपटॉप

प्रश्न : माझा लॅपटॉप साडेपाच वर्षांचा आहे. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, वजन सव्वा किलो. मोठ्या एक्सेल फाइल, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब आणि व्हिडिओ मीटिंग हे माझं रोजचं काम. मीटिंग चालू असताना एक्सेल उघडलं की हल्ली सगळंच अडकतं. एक हलकं मॉडेल पसंत पडलंय, पण त्याचीच २० टक्के वेगवान प्रोसेसर असलेली आवृत्ती तीन-चार महिन्यांत येणार असं कानावर येतं. आज घेतला आणि लगेच नवा आला तर जीव हळहळेल. थांबू का?

उत्तर : तुम्ही जे लिहिलंय त्यावरून रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवण्याची जागा, अपुरी पडतेय असं दिसतं, प्रोसेसर नव्हे. तसं असेल तर थांबण्यात काहीच अर्थ नाही. पण अंदाजावर पैसे घालू नका, आधी खात्री करून घ्या.

नेहमीसारखी मीटिंग सुरू करा, टॅब उघडे राहू द्या आणि ती जड फाइल उघडा. लॅपटॉप अडकला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जा. मेमरी (म्हणजे रॅम) ९० टक्क्यांच्या वर, डिस्क (म्हणजे एसएसडी) मधूनमधून १०० टक्क्यांना टेकतेय आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र चाळीस-पन्नासवर रेंगाळतोय असं दिसलं, तर दोष रॅमचाच. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर एसएसडीवर हलवतं आणि गरज लागली की परत आणतं. एसएसडी कितीही चांगली असली तरी तिच्यावरचा एखादा छोटा तुकडा हाती यायला रॅमपेक्षा शेकडो पट वेळ लागतो. तुम्ही टॅब बदलता तेव्हा पडदा जो गोठतो, तो या ये-जा करण्यामुळे. नवा प्रोसेसर ही ये-जा थांबवू शकत नाही. जास्त रॅम थांबवते.

दुसरी शक्यताही तपासा. सीपीयूच्या आलेखाखालचा ‘स्पीड’ हा आकडा बघा. शेजारी बेस स्पीड दिलेला असतो. काम जोरात चालू असताना स्पीड बेसच्याही खाली, समजा १ गिगाहर्ट्झच्या आसपास घसरलेला दिसला, तर प्रोसेसर तापल्यामुळे स्वतःला आवरतोय. एवढ्या वर्षांत पंख्याच्या जाळीत धूळ बसते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप, वाळते. जाळी साफ करून नवी पेस्ट लावली की बऱ्याचदा गेलेला वेग परत येतो. कमी वॉटचा चार्जर लावला असेल तरी काही लॅपटॉप असेच मंदावतात, म्हणून मूळ चार्जर लावून एकदा पाहाच.

आता त्या २० टक्क्यांविषयी. प्रोसेसर खरोखरच २० टक्के वेगवान असला, तर पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून असलेलं दहा मिनिटांचं काम ८ मिनिटं २० सेकंदांत होईल. रोज तासन् तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणाऱ्याला याचा फायदा आहे. फाइल उघडणं, टाइप करणं, मीटिंगला बसणं यांत बराचसा वेळ नेटवर्कची, डिस्कची किंवा तुमच्याच बोटांची वाट बघण्यात जातो. तिथे हा फरक जाणवतही नाही.

शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा छोट्या चाचणीतला असतो, आणि हलक्या लॅपटॉपमध्ये खरी गोम इथेच आहे. या वर्गातले प्रोसेसर सलग चालताना साधारण १५ ते ३० वॉटच्या मर्यादेत राहतात. कामाच्या सुरुवातीला मात्र त्यांना त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट वीज ओढायची मुभा असते. इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही मुदत २८ सेकंदांची ठेवलेली असते. ती संपली, किंवा त्याआधीच उष्णता वाढली, की वेग खाली येतो आणि पुढे किती वेग टिकेल हे पंखा, तांब्याची नळी आणि कंपनीने ठरवलेली वॉटची मर्यादा यांवर ठरतं. म्हणूनच एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप अर्ध्या तासाच्या कामात वेगवेगळे निघतात, आणि नवा प्रोसेसर जर आणखी पातळ बॉडीत बसवला असेल तर जुन्या मॉडेलवरची त्याची आघाडी आटून जाते. परीक्षण वाचताना एका फेरीचा गुण बघू नका. सिनेबेंच या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची दहा मिनिटांची सलग चाचणी किंवा पाठोपाठच्या अनेक फेऱ्या दिल्या असतील, तर शेवटच्या फेरीचा आकडा तुमच्या कामाचा.

नवं म्हणजे सगळ्याच बाबतीत वेगवान असंही नसतं. २०२२ साली आलेल्या ॲपलच्या एम२ प्रोसेसरवाल्या मॅकबुक एअरच्या २५६ जीबी आवृत्तीत साठवणीसाठी एकच चिप होती. आधीच्या एम१ एअरमध्ये तेवढ्याच जागेसाठी दोन होत्या, त्यामुळे नव्याची एसएसडी वाचायला-लिहायला जुन्यापेक्षा हळू निघाली. प्रोसेसर मात्र निश्चितच वेगवान होता.

मग थांबणं कधी योग्य? नुसता वेग नव्हे, तर यंत्राची जातच बदलणार असेल तेव्हा. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुक एअर इंटेल सोडून एम१ वर गेला, पंखा निघून गेला, बॅटरी कितीतरी जास्त टिकू लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलची कोअर अल्ट्रा २००व्ही मालिका आली, तिनेही हलक्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी अशीच ठळक सुधारली. अशा वेळी तीन महिने कळ काढणं सार्थकी लागतं. त्यातही दोन अटी आहेत : कंपनीने विक्रीची तारीख जाहीर केलेली हवी आणि आजचा लॅपटॉप तोवर तग धरणारा हवा. कानावर आलेल्या बातमीवर थांबू नये. जानेवारीतल्या सीईएस किंवा मे-जूनमधल्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात दाखवलेला लॅपटॉप दुकानात यायला आठवडे, कधी महिने लागतात. आला तरी आधी महागड्या आवृत्त्या येतात. लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवल्यावर बॅटरी उतरणं, वायफाय तुटणं असल्या तक्रारीही पहिल्या काही फर्मवेअर अपडेटपर्यंत ऐकू येतात.

थांबलं की स्वस्त मिळतं, यावरही आता भिस्त ठेवता येत नाही. नवं मॉडेल आलं की जुनं उतरतं, हे बरेचदा खरं असतं. पण २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांच्या किमती जोरात चढल्या आणि त्याचा भार लॅपटॉपवरही पडला.

तेव्हा रॅमचा दोष पक्का झाला तर पसंत पडलेलं मॉडेल आत्ताच घ्या, पण १६ जीबीपेक्षा कमी रॅमचं नको, आणि पाच वर्षं वापरायचा असेल तर ३२ जीबीचं. बहुतेक हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून पैसे दोन्हीला पुरत नसतील तर आधी रॅम. खरेदीआधी माल परत करण्याची मुदत विचारा. कंपनीची घोषणा त्या मुदतीत येणार असेल तर हळहळीचा प्रश्नच मिटला.

आणि पेटीवरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. कोअर अल्ट्रा ७ २५५यू आणि कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही हे दोन्ही ‘अल्ट्रा ७’ असले तरी आतली रचना वेगळी आहे. बॅटरीत नाव कमावलं ते व्हीने. व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते : २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक बघायचा, त्यावरून गाभा, म्हणजे प्रोसेसरची मूळ रचना, कळतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ हा जुना गाभा आहे, ७५३०यू मध्ये झेन ३, ७६४०यू मध्ये झेन ४. सगळ्यांचे आकडे ७ ने सुरू होतात, म्हणून नवं मॉडेल समजून जुना गाभा घरी येण्याचा धोका खरा आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा वेग ठीक आहे, पण बॅटरी जेमतेम अडीच तास चालते. येणाऱ्या मॉडेलची २० तास चालेल असं म्हणतात. त्याच्यासाठी थांबायचं का?

उत्तर : आधी बॅटरीची तब्येत बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते पडद्यावर दिसेल. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे शोधा. पहिला ५०,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा २६,००० असेल, तर निम्मी बॅटरी संपलेली आहे. ती बदलली की नव्या लॅपटॉपचा विषय वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलता येईल. दुसरा आकडा पहिल्याच्या ८० टक्क्यांवर असूनही अडीचच तास मिळत असतील, तर मागे कोणता प्रोग्राम वीज खातोय ते टास्क मॅनेजरमध्ये शोधा. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट बसत नाही असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जिंग लगेच बंद करा आणि लॅपटॉप दुरुस्तीला द्या. बॅटरी दाबू किंवा टोचू नका.

२० तासांचा दावा समजून घ्या. ६० वॉट-तासांची बॅटरी २० तास पुरायची तर सरासरी ३ वॉटच खर्च व्हायला हवेत. पडदा मंद ठेवून साठवलेला व्हिडिओ चालवला तर ते जमतं, कारण ते काम प्रोसेसरमधला वेगळा, काटकसरी भाग करतो. व्हिडिओ मीटिंगमध्ये कॅमेरा, वायफाय आणि उजळ पडदा मिळून १० वॉट गेले, तर त्याच बॅटरीचे सहा तास होतात. आजच्या अडीच तासांपुढे सहाही चांगलेच, पण हिशेब सहाचा धरा.

प्रश्न : स्नॅपड्रॅगनवर चालणारा हलका विंडोज लॅपटॉप घ्यावा की इंटेलच्या पुढच्या मॉडेलची वाट पाहावी?

उत्तर : तुम्ही वापरता त्या प्रोग्रामांची आणि उपकरणांची यादी करा, उत्तर तिथेच आहे. स्नॅपड्रॅगन हा एआरएम या वेगळ्या जातीचा प्रोसेसर आहे. ब्राउझर, ऑफिस आणि मीटिंगची मुख्य अ‍ॅप स्नॅपड्रॅगनवर व्यवस्थित चालतात, बॅटरीही छान टिकते. इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम विंडोज भाषांतर करून चालवतं, वेग थोडा कमी होतो एवढंच. ड्रायव्हरचं, म्हणजे उपकरण विंडोजला जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, मात्र असं भाषांतर होत नाही, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. जुना स्कॅनर, वेगळा ड्रायव्हर मागणारा प्रिंटर, यूएसबी डोंगलवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑफिसचं व्हीपीएन यांपैकी एकही तुमच्याकडे असेल, तर त्या कंपनीच्या साइटवर एआरएम विंडोजसाठीचा ड्रायव्हर आहे का ते बघा. नसेल तर आजच मिळणारा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्या.

प्रश्न : सातव्या पिढीचा कोअर आय५, विंडोज १०. आणखी एक वर्ष ओढू का?

उत्तर : इंटरनेटवर बँकेचे व्यवहार करत असाल तर नको. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. तुमच्या यंत्रापुढे आज दुकानात मिळणारा कुठलाही १६ जीबीचा हलका लॅपटॉप मोठी झेप ठरेल. जुन्यावर लिनक्स टाकून तो लिहिण्या-वाचण्यासाठी खुशाल ठेवा.